फिल्टर बदलल्यानंतरची ऑइलगळती

ऑइल फिल्टर घरी बदलल्यावर ऑइल गळू लागले, तर ते बहुतेक वेळा तीनपैकी एका जागेतून येते: फिल्टर आणि इंजिन यांच्यामधली रबरी रिंग, इंजिनाखालच्या, ऑइल साठवणाऱ्या चेंबरच्या तळाचा ड्रेन बोल्ट, किंवा फिल्टर झाकणाखाली बसत असेल तर त्या झाकणाची ओ-रिंग. या तिन्ही जागांना नुकताच हात लागलेला असतो, त्यामुळे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. नवा फिल्टर सदोष निघणे अशक्य नाही, पण त्याहून कितीतरी जास्त वेळा चूक बसवण्यात असते. ती टाळायला मनगटात जोर असावा लागत नाही. दोन पृष्ठभाग स्वच्छ असणे, मधली रिंग नवी आणि एकच असणे आणि आवळणे मापात असणे, एवढ्यावर सगळे ठरते.

इंजिन सुरू झाले की ऑइल पंप चेंबरमधले ऑइल ओढून आधी फिल्टरमधून ढकलतो आणि मग ते बेअरिंगांकडे जाते. गरम झालेले इंजिन रस्त्यावर चालत असताना हा दाब साधारणपणे ३ ते ४ बार असतो. थंड इंजिन सुरू करताना ऑइल घट्ट असल्याने तो आणखी चढतो. मोटारीच्या नेहमीच्या फिल्टरची रिंग ६२ मिलिमीटर व्यासाची धरली, तर ४ बार दाबाला फिल्टर इंजिनापासून दूर ढकलणारा जोर सुमारे १२० किलो वजनाइतका होतो. हा जोर पेलतो तो मधला आट्यांचा पोकळ खुंटा, आणि ऑइल अडवते ती काही मिलिमीटर रुंदीची रबरी रिंग. ड्रेन बोल्टवर मात्र पंपाचा दाब नसतो, वर साठलेल्या ऑइलचे वजन तेवढे असते. म्हणून फिल्टरची गळती इंजिन सुरू असताना वाढते आणि बंद केल्यावर थांबते किंवा मंदावते. बोल्टची गळती गाडी रात्रभर उभी असली तरी थेंबाथेंबाने चालूच राहते. सकाळी फरशीवर दिसलेला डाग नेमका कधी पडला, हे पाहिले तरी अर्धे निदान होते.

मोटारींमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो पत्र्याच्या डब्यातला, संपूर्ण फिरवून बसवायचा फिल्टर. ऑइल गाळण्याची कल्पना मोटारींत आणली ती अमेरिकेतल्या अर्नेस्ट स्वीटलँड यांनी, १९२३ साली, प्युरोलेटर या नावाने. डब्यासकट काढून टाकायचे फिल्टर १९५०च्या दशकात आले आणि घरच्या घरी फिल्टर बदलणे खऱ्या अर्थाने सोपे झाले. या फिल्टरच्या तोंडावर गोल खाचेत रबरी रिंग असते, मध्ये आटे असतात आणि भोवती छोटी छिद्रे असतात. छिद्रांतून ऑइल आत जाते आणि मधून गाळून बाहेर येते.

या फिल्टरच्या बाबतीत सर्वांत घातक चूक एकच, आणि ती सरावलेल्या हातांकडूनही होते. जुना फिल्टर हजारो किलोमीटर इंजिनाच्या उष्णतेत भाजलेला असतो. त्याची रिंग कडक होऊन इंजिनाच्या धातूला चिकटते. फिल्टर फिरवून काढला की डबा हातात येतो आणि रिंग वरच राहते. ती काळी, ऑइलने माखलेली, त्याच रंगाच्या मळात दडलेली असते. खालून, अपुऱ्या उजेडात पाहणाऱ्याला ती इंजिनाचाच भाग वाटते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की एकावर एक दोन रिंगा होतात. हाताला फिल्टर व्यवस्थित घट्ट लागतो. इंजिन सुरू केल्यावरही काही क्षण काही होत नाही. मग दाब चढतो, खाचेचा आधार नसलेली रिंग एका बाजूने बाहेर सरकते आणि ऑइलची धार लागते. लहान पेट्रोल मोटारीत साडेतीन-चार लिटर ऑइल असते. ते अशा फटीतून रिकामे व्हायला फार वेळ लागत नाही, आणि तेवढ्यात इंजिन बंद केले नाही तर बेअरिंग कोरडे पडून जाम होतात. कधी ही रिंग गॅरेजमध्ये टिकते आणि महामार्गावर वेग वाढल्यावर सुटते, तेव्हा नुकसान सर्वांत मोठे होते.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो टाळण्याला कोणतेही कारण पुरेसे नाही. काढलेला फिल्टर उलटा धरून त्याच्या तोंडावर रिंग आहे का ते पाहावे. असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ती वरच आहे असे समजून बोटाने किंवा लाकडी चमच्याच्या टोकाने सोडवून काढावी. रिंग तुकड्यातुकड्यांनी निघाली तर सगळे तुकडे जुळवून वर्तुळ पूर्ण होते का ते पाहावे. जुनी रिंग प्रत्यक्ष नजरेसमोर आल्याशिवाय नवा फिल्टर खोक्यातून काढूच नये.

त्यानंतर इंजिनावरची बैठक, म्हणजे जिथे नवी रिंग टेकणार तो गोल पट्टा, सुताचे धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावा. बोट फिरवून पाहावे. कण, जुन्या रबराची पापडी, गंजाचा खडबडीतपणा डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतो. पट्टा साफ करण्यासाठी स्क्रूड्रायव्हर किंवा पात्याने खरवडू नये. अॅल्युमिनियमवर पडलेला आडवा ओरखडा ऑइलला बाहेर पडायला वाट करून देतो आणि तो बुजवता येत नाही. याच वेळी मधला खुंटाही तपासावा. जुना फिल्टर फार घट्ट बसला असेल तर कधी खुंटाच सुटून त्याच्याबरोबर निघतो. तो इंजिनात नीट आवळून बसवला नाही, तर नवा फिल्टर किती घट्ट झाला हे कळायला मार्गच उरत नाही.

जुना फिल्टर हटत नसेल तेव्हा त्यात स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवण्याची पद्धत सर्रास दिसते. पत्रा पातळ असतो. तो फाटतो, पकडायला काही उरत नाही आणि तोंडाची जाड चकती इंजिनाला तशीच चिकटून राहते. पट्ट्याचा पाना किंवा डब्याच्या टोकावर बसणारा टोपीसारखा पाना वापरावा. इंजिन कोमट असताना हे काम जास्त सोपे जाते. उकळत्या इंजिनाला मात्र हात लावू नये, अंगावर आलेले ऑइल भाजते. गाडी उचलायची असेल तर जॅकवर विसंबून खाली शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत, नाहीतर गाडी रॅम्पवर चढवावी.

नवा फिल्टर त्याच इंजिनाचा आहे याची खात्री खोक्यावरच्या चित्रावरून होत नाही. भाग क्रमांक पुस्तिकेशी जुळला पाहिजे. मोटारींच्या फिल्टरमध्ये २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे आटे चालतात, तसेच पाऊण इंच व्यासाचे, एका इंचात १६ असे आटेही चालतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर आणि इंचात १६ आटे म्हणजे सुमारे १.५९ मिलिमीटर अंतर. फरक इतका बारीक की २० मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंची खुंट्यावर सहज चढतो, फिरतो आणि घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण आट्यांची पकड अर्धवट असते आणि १२० किलोचा जोर आला की तो सुटतो. जुना आणि नवा फिल्टर शेजारी उलटे ठेवून रिंगेचा व्यास, रिंगेची जाडी आणि आट्यांचे तोंड पाहावे. रिंग थोडी लहान असली तरी ती इंजिनाच्या पट्ट्याच्या आत पडते आणि गळते. बनावट फिल्टरचा धोकाही रिंगेतच जास्त असतो. कमी प्रतीचे रबर उष्णतेत लवकर मेणचट किंवा ठिसूळ होते. जुन्या कुकरची कडक झालेली रिंग झाकण कितीही दाबले तरी वाफ सोडतेच, तसेच हे.

बसवण्याआधी नव्या रिंगेवर बोटाने नव्या ऑइलचा पातळ हात फिरवावा. कोरडे रबर धातूवर घासले की अडते, पिळवटते आणि एका जागी गोळा होते. फिल्टर पुरेसा दबलेला नसतानाच हाताला तो घट्ट लागतो. ग्रीस लावायची गरज नाही. फिल्टर उभा, तोंड वर करून बसत असेल तर तो नव्या ऑइलने अर्धाअधिक भरून लावावा. त्यामुळे सुरुवातीचे कोरडे क्षण कमी होतात. आडव्या फिल्टरमध्ये हे जमत नाही, सांडते तेवढेच.

आवळताना फिल्टर हाताने फिरवत न्यावा. पहिल्या दोन-तीन फेऱ्या बिनविरोध गेल्या पाहिजेत. सुरुवातीलाच अडला तर आटे वाकडे धरले आहेत, मागे फिरवून पुन्हा सुरुवात करावी. रिंग इंजिनाला टेकल्याची जाणीव हाताला होते. त्या ठिकाणी डब्यावर खडूने खूण करावी आणि तिथून पुढे पाऊण फेरी फिरवावे. बहुतेक फिल्टरवर असाच आकडा छापलेला असतो, काहींवर अर्धी किंवा एक फेरी, आणि त्या डब्यावर छापलेला आकडाच प्रमाण मानावा. दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांवर पाऊण फेरीत फिल्टर साधारण १.१ मिलिमीटर पुढे सरकतो. रबर दबायचे ते एवढेच. त्यापुढे पान्याने मारलेली अर्धी फेरी गळती थांबवत नाही. उलट रिंग खाचेबाहेर पिळली जाते, पत्र्याचे तोंड वाकते आणि पुढच्या वेळी फिल्टर काढताना डबा फाटतो. ऑइलने ओल्या हातांना पकड मिळत नसेल तर कोरडे फडके गुंडाळावे. जागा अडचणीची असेल तर पाना वापरला तरी चालेल, पण खुणेच्या मापानेच.

काही मोटारींत पत्र्याचा डबा नसतोच. प्लास्टिकच्या किंवा अॅल्युमिनियमच्या झाकणाखाली कागदी घडी बसते. इथे गळतीचा सगळा प्रश्न झाकणाच्या ओ-रिंगेचा. नव्या घडीबरोबर खोक्यात नवी ओ-रिंग येते. ती न लावता जुनीच ठेवणे ही काटकसर महागात पडते. जुनी रिंग चपटी होऊन खाचेच्या आकाराची झालेली असते आणि पुन्हा फुगत नाही. तेवढीच नेहमीची दुसरी चूक म्हणजे रिंग चुकीच्या खाचेत बसवणे. झाकणावर आट्यांच्या वर आणि खाली खाचा असतात. जुनी रिंग कोणत्या खाचेत होती ते काढण्याआधी पाहून ठेवावे, मोबाईलवर फोटो काढला तर उत्तम. अनेक झाकणांवर २५ न्यूटन-मीटर असा आकडाच कोरलेला असतो. प्लास्टिकच्या झाकणाला टॉर्क रेंच लावावा. त्याला तडा गेला तर ती रेघ डोळ्यांना दिसत नाही, ऑइल मात्र तिथूनच झिरपते. झाकणाच्या मध्यात ऑइल काढण्याचा छोटा बोल्ट असेल तर त्याचीही वेगळी छोटी ओ-रिंग असते, आणि ती हमखास विसरली जाते.

दुचाकींचा प्रकार थोडा वेगळा. हिरो स्प्लेंडर किंवा होंडा अॅक्टिव्हा यांसारख्या गाड्यांत कागदी फिल्टर नसतो. जाळी असते, आणि गळतीची जागा म्हणजे ड्रेन बोल्ट आणि जाळीचे झाकण. बजाज पल्सर, रॉयल एनफिल्ड यांच्या अनेक गाड्यांत कागदी फिल्टर असतो आणि तो बोल्टने धरलेल्या छोट्या झाकणामागे बसतो. हे बोल्ट लहान असतात आणि ते ज्यात शिरतात ते इंजिनाचे आवरण अॅल्युमिनियमचे असते. ६ मिलिमीटरच्या अशा बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरते. एकेक बोल्ट पूर्ण आवळत न जाता सगळे थोडेथोडे, आळीपाळीने आवळावेत, म्हणजे झाकण सरळ बसते आणि ओ-रिंग एका बाजूला चेपत नाही. काही जपानी धर्तीच्या फिल्टरवर एका बाजूला बाहेरची बाजू अशी सूचना छापलेली असते. ती बाजू झाकणाकडे यावी. उलटा बसवलेला फिल्टर गळत नाही, पण ऑइलची वाटच अडवतो, आणि ते गळतीपेक्षा वाईट.

ड्रेन बोल्टच्या गळतीला दोन कारणे: जुना वॉशर आणि अतिरेकी जोर. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर मऊ असतो तो मुद्दाम. आवळताना तो दबून बोल्टच्या आणि चेंबरच्या बारीक खाचांत शिरतो. एकदा दबला की त्या बोल्टचा ठसा त्याच्यावर उमटतो. पुढच्या वेळी तो ठसा आधीच्या जागी तंतोतंत येत नाही आणि तिथून ऑइल झिरपते. काही रुपयांचा नवा वॉशर दर वेळी घालावा. फिल्टर विकत घेतानाच तो घ्यावा, नाहीतर ऐन वेळी जुनाच लावला जातो. जुना वॉशर चेंबरला चिकटलेला राहिला तर इथेही एकावर एक दोन वॉशर होतात.

जोराचा हिशेब असा. मोटारीच्या ड्रेन बोल्टला बहुधा २५ ते ४० न्यूटन-मीटरची मर्यादा असते. ३० न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १५ किलोचा दाब. पान्याला पाइप जोडून सर्व अंग टाकले की हा आकडा सहज तिप्पट होतो, आणि अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे उडतात. आटे गेलेला बोल्ट गोलगोल फिरत राहतो, कधीच घट्ट होत नाही. मग भोक मोठे करून आत पोलादी तारेची वेटोळी बसवून नवे आटे पाडावे लागतात किंवा चेंबरच बदलावे लागते. बोल्ट नेहमी आधी बोटांनी चढवावा. बोटांनी चार-पाच फेऱ्या सुरळीत गेल्यावरच पान्याला हात घालावा.

ऑइल भरताना पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरून डिपस्टिक पाहावी आणि मग थोडेथोडे वाढवावे. जास्त भरलेले ऑइल फिरत्या क्रँकने घुसळले जाते, फेस होतो, आतला दाब वाढतो आणि जुन्या सीलमधून ऑइल बाहेर येते. फिल्टर नवा असतानाही ही गळती फिल्टरच्याच नावावर खपते.

आता परीक्षा. इंजिन सुरू करून जागेवरच चालू द्यावे, रेस देऊ नये. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करावे. दुसऱ्या माणसाला किल्लीजवळ बसवून स्वतः फिल्टरवर उजेड पाडून पाहणे सर्वांत चांगले, कारण दोन रिंगांची धार लागली तर ती थांबवायला वेळ थोडा असतो. एक-दोन मिनिटांनी इंजिन बंद करावे, पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पुन्हा पाहावी. नवा फिल्टर भरल्याने पातळी थोडी उतरते, तेवढे ऑइल घालावे. रात्री खाली जुने वर्तमानपत्र पसरावे. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर फिल्टरच्या कडेवर आणि बोल्टवर कोरडे बोट फिरवून पाहावे.

घाबरण्याआधी एक गोष्ट तपासायची असते. फिल्टर काढताना सांडलेले ऑइल चेसिसच्या पट्ट्यांवर, खालच्या प्लास्टिकच्या कवचात, सायलेन्सरच्या पाइपवर साठून राहते आणि दोन दिवस ठिबकते. म्हणून सांडलेले सगळे लगेच, इंजिन थंड असताना पुसून काढावे. सायलेन्सरवरचे तर नक्कीच, तापलेल्या पाइपवरचे ऑइल धूर करते आणि पेटूही शकते. खरी गळती शोधायची असेल तर संशयित भाग पूर्ण कोरडा करावा आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी. इंजिन दहा मिनिटे चालवले की पांढऱ्या पावडरवर गडद रेघ उमटते. ऑइल खाली आणि वाऱ्याने मागे वाहते, म्हणून थेंब पडतो ती जागा फसवी असते. ओल्या भागातला सर्वांत वरचा आणि पुढचा बिंदू शोधावा.

फिल्टरच्या कडेला बारीक ओल दिसली आणि तो मापाइतका आवळला गेला नव्हता, तर इंजिन थंड करून राहिलेली फेरी पुरी करावी. मापाइतका आवळूनही ओल असेल तर आणखी आवळण्यात अर्थ नाही. फिल्टर काढून रिंग आणि बैठक पुन्हा पाहावी. सिलिकॉनचे पॅकिंग किंवा टेफ्लॉन टेप कोणत्याही जागी लावू नये. त्यांचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, आणि गळतीपेक्षा मोठे संकट उभे राहते.

काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. भारताच्या २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल मोडते. ते घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुना फिल्टर रात्रभर उलटा निथळवून, दोन्ही वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. काम करताना हातमोजे घालावेत. वापरलेल्या ऑइलचा त्वचेशी वारंवार संपर्क घातक असतो.

फिल्टर कोरडा, ड्रेन बोल्ट कोरडा आणि तरीही डाग पडत असेल, तर गळती बहुधा फिल्टर बदलण्यामुळे झालेली नाही. ती आधीपासून होती आणि नव्या, पातळ ऑइलमुळे आता दिसू लागली. अशा वेळी ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टर ज्यावर बसतो त्या भागामागचे पॅकिंग आणि वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग या तीन जागा आधी पाहाव्यात. टॅपेट कव्हरमधून झिरपणारे ऑइल इंजिनाच्या अंगावरून उतरून अनेकदा थेट फिल्टरवरच येते.